साइड

फुलेवाडीच्या नाक्यावर उसाची ट्रॉली
रस्ता अडवून उभी, मागं हॉर्नचा गोंधळ,
आणि मी गच्चीवर, प्लास्टिकच्या खुर्चीत,
चटणीच्या बरणीला टेकवलेल्या मोबाइलमधनं
स्काय नावाच्या बेटावरनं चाललोय.

गाडी जावई चालवतोय. निहाल.
दोन्ही हात स्टिअरिंगवर, परीक्षेला बसल्यासारखे.
वैजूनं फोन काचेला चिकटवलाय, म्हणजे मला दिसतं
ते बोनेट, मग रस्ता, मग डोंगर,
डोंगराच्या अंगावरनं ढगाची सावली
नदीतनं बाहेर येणाऱ्या म्हशीसारखी सावकाश सरकते.

"अण्णा, समुद्र बघा."
मी समुद्र बघत नाही.
मी वळण बघतो.
एकतीस वर्षं कोल्हापूर–वैभववाडी, सकाळी सहा दहा,
बालिंगा, कळे, साळवण, असळज,
आणि पावसाळ्यात करूळ घाटात धुकं असं
की कंडक्टर बॅटरी घेऊन पुढं चालायचा.
दरी मी पाहिली नाही.
मागं खिडकीला बसलेले लोक "वाऽ" म्हणायचे,
त्यावरनं मला कळायचं
की धबधबा आला.

इथं रस्ता एकेरी. समोरनं गाडी.
माझा उजवा पाय फरशीवर दाबला गेला.
"दुसरा टाक," मी ओरडलो.
"ऑटोमॅटिक आहे हो, अण्णा."
मागच्या सीटवर मृणू हसली, तोंडात चिप्स.

कडेला थोडी जागा सोडलेली असते, पाटी लावून,
थांबणाऱ्यासाठी. निहालनं गाडी आत घेतली.
समोरच्या म्हाताऱ्यानं स्टिअरिंगवरनं
एक बोट उचललं. एकच.
आणि गेला.

मी खुर्चीत सरळ झालो.
हे बोट माझ्या ओळखीचं आहे.
मालवण डेपोचा इनूस
रोज आठच्या सुमारास तिसऱ्या वळणावर भेटायचा,
बावीस वर्षं. चेहरा कधी धड दिसला नाही,
काचेवर उन्हाचा डाग आणि डागामागं बोट.
एक दिवस त्यानं अख्खा हात बाहेर काढला.
मी म्हटलं, आज खुशीत दिसतोय.
दुसऱ्या दिवशी गाडीवर दुसराच पोरगा.

"मेंढ्या बघा की," शालन खांद्यावरनं वाकते,
"रस्त्यात बसल्यात निवांत. ना धनगर, ना कुत्रं.
एवढं गवत, आन् खातंय कोण?"
हिला मी कुठं नेलं नाही.
रजा मिळायची तेव्हा पोरीची परीक्षा,
परीक्षा संपली की जत्रेच्या जादा गाड्या.
एकदा नेली, माझ्याच गाडीतनं, बावड्यापर्यंत,
रीतसर तिकीट काढून.
ती केबिनच्या जाळीला लागून,
सहा वर्षांची वैजू इंजिनाच्या झाकणावर,
बूड भाजतंय म्हणून खाली माझा टॉवेल.
बावड्याला वीस मिनिटं थांबा. आम्ही भजी खाल्ली.
शालन त्याला अजून ट्रिप म्हणते.

आता इंद्रधनुष्य, म्हणे. वैजू फोन फिरवते, परत लावते,
आणि चित्र अडकतं.
वायपर काचेवर आडवा,
पुढं ओला रस्ता, आणि वळणावर
काहीतरी पांढरं.
मेंढी असेल. ढग असेल. गाडी असेल.

खाली ट्रॉली हलली, हॉर्न थांबले.
"जेवायला चला," शालन म्हणाली.
"हं," म्हटलं.
पाय काढला नाही.

पावणेनऊला मेसेज: पोचलो. गरम सूप पितोय.
मी उठलो तर पोटरीत गोळा आलेला.
कठड्याला धरून उभा राहिलो.
तेवढ्यात खालनं बावड्याची गाडी निघाली,
आत दिवा, सात-आठ माणसं, एक झोपलेलं.
मी कठड्यावरनं बोट उचललं.
ड्रायव्हरनं पाहिलं नसणार.
त्याच्यापुढं वळण होतं.